सर्पगंधा आणि रक्तदाब : एका मुळीचा इतिहास

आपल्या देशांतील एखादी वस्तु परकीयांनीं वाखाणली कीं, ती आपणांस हजारों वर्षांपासून ठाऊक होती असें सांगण्याची एक खोड आपल्या समाजास जडलेली आहे. आणि जी त्यांनीं वाखाणली नाहीं ती टाकाऊच असली पाहिजे असें मानण्याची दुसरी खोडहि तिच्या शेजारींच सुखानें नांदत असते. सर्पगंधा या वनस्पतीच्या वांट्यास हे दोन्ही प्रकार आलेले आहेत. रक्तदाब थोडासा वाढला आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, घरांत कोणी ना कोणी एखाद्या मुळीचें, भस्माचें किंवा शेंदेलोणाचें नांव सुचवितो, आणि सुचवितांना ‘हें आपलें जुनें औषध आहे, यांत अपाय तो कसला?’ अशी पुस्ती जोडतो. या एका वाक्यांत वस्तुतः दोन विधानें गुंतलेलीं आहेत. औषध जुनें आहे हें एक, आणि जुनें म्हणूनच तें निरुपद्रवी आहे हें दुसरें. सर्पगंधेच्या इतिहासाच्या कसोटीवर हीं दोन्ही विधानें कितपत टिकतात, हें पाहण्याचा या लेखांत आमचा विचार आहे.

सर्पगंधा हें हात-दीड हात उंचीचें लहानसें झुडूप होय. हिमालयाच्या पायथ्याचीं अरण्यें, बिहार, बंगाल व आसाम, आणि इकडे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील कोंकण व गोमंतक, अशा ओलसर व सावलीच्या जागीं तें उगवतें. पानें एकेका पेरास तीन-चार अशीं चक्राकार, फुलें पांढरीं व त्यांचे देंठ तांबडे, फळें पिकल्यावर काळसर जांभळीं होणारीं. मराठींत त्यास अडकई किंवा हरकाई असेंहि म्हणतात. औषधाला लागतें तें मूळ. तें अत्यंत कडू असतें, आणि त्याचें वीर्य मुख्यतः सालींत सांठविलेलें असतें.

या मुळीचे जुने उपयोग दोन. एक सर्पदंशावर व विंचवासारख्या प्राण्यांच्या दंशावर, आणि दुसरा वेडावर व निद्रानाशावर. बिहारांत तर हिचें लौकिक नांवच ‘पागल की दवा’ असें पडलें होतें. सर्पगंधा हें नांव जुन्या संहितांतून विषचिकित्सेच्या प्रकरणांत आढळतें. मात्र तेथील सर्पगंधा म्हणजे आजची हीच वनस्पति काय, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. गोव्यांत राहून वैद्यकी करणारा पोर्तुगीज पंडित गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापविलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत सापाच्या विषावरील लांकडाचें वर्णन केलें आहे, आणि नागाशीं झुंजणारें मुंगूस मधूनच जाऊन ती मुळी चावतें व पुन्हां लढावयास येतें, ही आख्यायिकाहि दिली आहे. त्यानें वर्णिलेल्या मुळ्यांपैकीं एक ही सर्पगंधाच असावी असें मानणारे अभ्यासक आहेत.

वनस्पतिशास्त्रांत या वर्गास ‘राउवोल्फिया’ हें नांव मिळालें, तेंहि मोठें गमतीचें आहे. लिओनार्ड राउवोल्फ हा औग्सबुर्ग शहराचा वैद्य; यानें १५७३ ते १५७६ या काळांत सिरिया, पॅलेस्टाइन व मेसोपोटेमिया या प्रदेशांत प्रवास केला आणि कॉफीच्या पेयाची पहिली छापील हकीकत युरोपास सांगितली. तो हिंदुस्थानांत कधींहि आला नाहीं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्ल्युमिए यानें १७०३ सालीं अमेरिकेंतील एका झुडपास त्याच्या स्मरणार्थ हें नांव दिलें, आणि पुढें आपली सर्पगंधा त्याच वर्गांत बसते असें ठरल्यावर तिलाहि तें चिकटलें.

आतां वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, वरील सर्व हकीकतींत सर्प आहे, वेड आहे, निद्रा आहे. रक्तदाब मात्र कोठेंच नाहीं. तो असणेंहि शक्य नव्हतें. ताप अंगास कळतो, मूळव्याध बसूं देत नाहीं, दातदुखी झोंपूं देत नाहीं. परंतु वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षें शरीरांत नांदत असतांहि बहुधा कसलीच वर्दी देत नाहीं. जो रोग रोग्यास जाणवत नाहीं व वैद्यास दिसत नाहीं, त्यावर औषध शोधावें तरी कोणीं? नाडीपरीक्षेंत निष्णात असलेल्या वैद्यास नाडीचा ताठरपणा बोटांस जाणवत असेल. पण त्या जाणिवेस अंक नव्हता, आणि अंकावांचून आजचा दाब कालच्यापेक्षां कमी कीं अधिक हें ठरविणें अशक्य होतें.

हा अंक मिळण्यास बराच काळ जावा लागला. इंग्लंडांत स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनींत नळी घालून रक्त किती उंच चढतें हें पाहिलें आणि तो प्रयोग १७३३ सालीं प्रसिद्ध केला. परंतु ती रीत माणसावर चालणारी नव्हती. पुढें लंडन येथील गाय्ज हॉस्पिटलांत फ्रेडरिक अकबर महंमद या तरुण डॉक्टरानें नाडीचे आलेख काढून, मूत्रपिंडाचा विकार नसतांहि रक्तदाब वाढलेला असूं शकतो ही गोष्ट १८७० नंतरच्या दशकांत दाखवून दिली. हा पाटण्याहून विलायतेस गेलेल्या शेख दीन महंमद यांचा नातू. तो १८८४ सालीं, अवघ्या पस्तिशीच्या आंत-बाहेर, विषमज्वरानें वारला. त्यानंतर १८९६ सालीं इटलींत रिव्हा-रोच्ची यानें दंडास पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची रीत काढली, व १९०५ सालीं रशियांतील कोरोत्कॉफ यानें पट्ट्याखालीं नळी लावून धमनीचा ध्वनि ऐकण्याची युक्ति सांगितली. दाबाचे वरचा व खालचा असे दोन आंकडे वैद्यकाच्या हातीं आले ते येथपासून. तेव्हां ‘आमच्या पूर्वजांस रक्तदाबावरील औषध ठाऊक होतें’ हें विधान सरळ अर्थानें खरें नाहीं. मूळ जुनें आहे, उपयोग नवा आहे. असें म्हणण्यानें पूर्वजांचा अधिक्षेप होत नाहीं; ही मुळी क्षुब्ध मनास शांत करते हें त्यांचें निरीक्षण अचूक होतें, आणि पुढील सर्व शोध त्याच निरीक्षणाच्या खांद्यावर उभा आहे.

तो शोध १९३१ सालीं दोन ठिकाणीं एकदमच उजेडांत आला. कलकत्त्यास कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं वेड व वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील नवें हिंदी औषध म्हणून सर्पगंधेविषयीं निबंध प्रसिद्ध केला. मुळाचें चूर्ण वीस ते तीस ग्रेन, म्हणजे सुमारें सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसांतून दोनदां दिलें असतां रोग्याचा उन्माद उतरतो आणि त्याबरोबर रक्तदाबहि उतरतो, असा त्यांचा अनुभव होता. आम्हांस या निबंधाचें महत्त्व विशेष वाटतें. एक कविराज व एक डॉक्टर एकत्र बसले, एकानें मुळी आणली व दुसऱ्यानें यंत्र आणलें, तेव्हां कोठें शेंकडों वर्षें डोळ्यांआड राहिलेला गुण दृष्टीस पडला. त्याच वर्षीं दिल्लीस, हकीम अजमलखान यांच्या परिश्रमानें उभ्या राहिलेल्या तिब्बी महाविद्यालयांत, सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनीं या मुळापासून पांच अल्कलॉइडें वेगळीं केलीं. हकीमसाहेब १९२७ सालींच निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ एका द्रव्यास ‘अजमलीन’ हें नांव देण्यांत आलें. पुढें १९३३ सालीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेंत कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं मुळीचे प्राण्यांवरील परिणाम तपासले. १९३४ सालीं डेहराडून येथील एका औषधालयानें तिच्या गोळ्या बाजारांत आणल्या. आणि १९४२ सालीं लखनौचे डॉ. भाटिया यांनीं रक्तदाबावरील आपला अनुभव प्रसिद्ध केला.

या सुमारास पश्चिमेकडील स्थिति काय होती, हेंहि पाहिलें पाहिजे. दाब मोजतां येऊं लागला, पण तो उतरवावा कीं नाहीं याविषयींच तज्ज्ञांत मतभेद होता. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त रेटण्यासाठीं दाब वाढणें हें शरीरास आवश्यकच असेल, मग तो उतरविण्यांत धोका नाहीं काय, अशी शंका मोठमोठ्या हृद्रोगतज्ज्ञांस येत असे. उपाय तरी काय होते? विश्रांति, झोंपेचीं औषधें, थायोसायनेटासारखीं विषारी द्रव्यें, नाहींतर मज्जातंतु कापण्याची अवघड शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट हे १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें मृत्यु पावले, तेव्हां त्यांचा रक्तदाब वरचा ३०० व खालचा १९० इतका चढला होता. जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखास जें औषध त्याच्या वैद्यांस देतां आलें नाहीं, तें त्याच वेळीं हिंदुस्थानांत वाण्याच्या पुडींतून मिळत होतें, हा इतिहासांतील एक चमत्कारिक विरोध आहे.

हा विरोध दूर करण्याचें श्रेय मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांस आहे. त्यांनीं किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाशीं संबद्ध असतांना अनेक वर्षें सर्पगंधेचा उपयोग केला, आणि रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील निरीक्षणें १९४९ सालीं ब्रिटनच्या हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केलीं. आजच्या कडक कसोटीनें पाहतां त्या प्रयोगांत उणिवा काढतां येतील. परंतु ‘अमक्यास गुण आला’ या तोंडी साक्षीच्या जागीं आंकड्यांची ओळ मांडल्यावर, लंडनच्या किंवा बोस्टनच्या डॉक्टरांस ती वाचतां येऊं लागली व पडताळूनहि पाहतां येऊं लागली. जें ज्ञान बिहारच्या खेड्यांत व कलकत्त्याच्या दवाखान्यांत अडकून पडलें होतें, त्यास या निबंधानें परवाना मिळवून दिला. १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक ज्यांस देण्यांत आलें त्यांत डॉ. वकील हेहि होते.

पुढील घटना वेगानें घडल्या. बोस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनीं सर्पगंधा अमेरिकेंतील रोग्यांस देऊन तोच परिणाम पाहिला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर व बाइन या शास्त्रज्ञांनीं मुळीचें प्रमुख वीर्य वेगळें काढलें. त्यास ‘रेसर्पीन’ म्हणतात. जेथें चूर्णाचे ग्रॅम लागत, तेथें याच्या मिलिग्रॅमचा चतुर्थांश पुरूं लागला. १९५६ सालीं हार्वर्डच्या वुडवर्ड यांनीं हें द्रव्य प्रयोगशाळेंत जोडून तयार केलें. मज्जातंतूंच्या टोंकांशीं ज्या द्रव्यांचा सांठा असतो, तो सांठा हें औषध रिकामा करतें. त्यामुळें रक्तवाहिन्यांस आवळण्याची आज्ञा पोंचत नाहीं आणि दाब उतरतो. मेंदूंतहि असेंच घडत असल्यामुळें मन शांत होतें. म्हणजे ‘पागल की दवा’ आणि रक्तदाबाची गोळी हे एकाच क्रियेचे दोन परिणाम होत, हें यावरून उघड झालें.

परंतु याच क्रियेंत मुळीची दुसरी बाजूहि दडलेली होती. मन शांत करतां करतां कांहीं रोग्यांस हें औषध खोल विषण्णतेंत लोटतें असे अहवाल १९५० नंतरच्या दशकांतच येऊं लागले. त्या काळीं दिल्या जाणाऱ्या मात्रा मोठ्या होत्या, आणि लहान मात्रेंत हा दोष कितपत संभवतो याविषयीं पुढें तज्ज्ञांत वाद झाला, हें खरें. तथापि ज्यांस विषण्णतेचा विकार पूर्वीं झाला आहे त्यांस हें औषध देऊं नये, हा नियम कायम राहिला. नाक चोंदणें, नाडी मंदावणें, पोटांतील व्रण चिघळणें, हे दुष्परिणामहि नोंदले गेले. औषध परदेशांत जाऊन बिघडलें असें मात्र नाहीं. हे अवगुण मुळींतच होते. मुळीच्या चूर्णांत वीर्याचें प्रमाण जागेप्रमाणें, ऋतूप्रमाणें व झाडाच्या वयाप्रमाणें कमीअधिक होतें, त्यामुळें पुडीगणिक मात्रा बदलते. ‘नैसर्गिक म्हणून सौम्य’ या समजुतीस येथें मुळींच आधार नाहीं. ज्येष्ठमधासारखी घराघरांतील गोड मुळीदेखील फार दिवस मोठ्या प्रमाणांत खाल्ली असतां रक्तदाब उलट वाढविते.

मग दाब उतरविण्याचा उपयोग तरी खरोखर होतो काय? या प्रश्नाचें निर्विवाद उत्तर ज्या प्रयोगांनीं दिलें, त्यांत सर्पगंधेचें वीर्य होतें, ही अभिमानाची गोष्ट आहे. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनीं ११५ ते १२९ असा खालचा दाब असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले. एकास रेसर्पीनसह तीन औषधें दिलीं व दुसऱ्यास औषधासारख्या दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या. १९६७ सालीं फल जाहीर झालें : निर्गुण गोळ्यांच्या गटांत गंभीर आपत्ति २७, औषधाच्या गटांत २. याच मालेंतील दुसरा प्रयोग १९७० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत खालचा दाब ९० ते ११४ असलेले ३८० पुरुष होते. त्यांसहि एकंदरीनें लाभ झाला, पण ज्यांचा दाब १०५ च्या खालीं होता त्यांच्या बाबतींत तो तितका स्पष्ट दिसला नाहीं. किंचित् वाढलेल्या दाबाविषयींचा सर्व पेंच येथेंच आहे. ब्रिटनमध्यें सतरा हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगाचें फल १९८५ सालीं आलें. त्यावरून सौम्य रोग्यांपैकीं ८५० जणांनीं वर्षभर औषध घ्यावें, तेव्हां पक्षाघाताचा एक झटका टळतो असा हिशोब निघाला. दाब जितका अल्प वाढलेला, तितका औषधाचा लाभ अल्प. औषधाचा उपद्रव मात्र त्या प्रमाणांत कमी होत नाहीं. तेव्हां सौम्य दाबावर ‘एखादी मुळी घेऊन पाहूं’ असें म्हणणारा मनुष्य ज्या ठिकाणीं सर्वांत अधिक विचार करावयास हवा, त्याच ठिकाणीं सर्वांत कमी विचार करीत असतो.

वनस्पतीप्रमाणें खनिजाचीहि कथा आहे, आणि तीहि आपल्या अपेक्षेच्या उलट दिशेस जाते. खनिज म्हटलें कीं भस्म किंवा पिष्टी घ्यावी असें मनांत येतें. रक्तदाबाच्या बाबतींत ज्या खनिजाचा प्रभाव सर्वांत स्पष्ट ठरला, तें मीठ होय, आणि तेंहि घेण्यानें नव्हे तर सोडण्यानें. पॅरिस येथें आंबार व बोजार यांनीं १९०४ सालींच मीठ तोडल्यानें दाब उतरतो असें सांगितलें होतें. अमेरिकेंत केम्प्नर यांनीं १९४० नंतरच्या दशकांत भात व फळें यांवर रोग्यांस ठेवून विलक्षण उतार दाखविला; हा आहार इतका अळणी कीं फार थोड्यांस तो साधला. मिठांतील सोडियम दाब वाढवितें, तर पोटॅशियम तो उतरवितें, असें कॅनडांतील अॅडिसन यांनीं १९२८ सालीं प्रतिपादिलें होतें. चीनमधील सुमारें सहाशें खेड्यांत वीस हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगानें २०२१ सालीं त्यास भक्कम पुरावा दिला : ज्यांस चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलें मीठ दिलें, त्यांच्यांत पक्षाघाताचें प्रमाण शेंकडा १४ नें कमी झालें. ज्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं आहेत त्यांस मात्र हेंच पोटॅशियम घातक होऊं शकतें, म्हणून हें मीठहि विचारून घेण्याची वस्तु आहे. आणि शेंदेलोण? उपासास तें चालतें म्हणून तें रक्तदाबासहि चालतें असें नाहीं. त्याचा फार मोठा भाग साध्या मिठाचाच असतो. खाल्ल्या मिठास जागावें असें मानणाऱ्या समाजास मीठ कमी करा हें सांगणें जड जातें. पण लोणच्याची फोड, पापड व पानांत वाढलेलें वरचें मीठ यांस आवर घालणें, हें कोणत्याहि पुडीपेक्षां स्वस्त व खात्रीचें आहे.

शेवटीं या कथेंतील एक घेणें अद्याप फिटलेलें नाहीं. औषध मुळांत असल्यामुळें तें घ्यावयाचें म्हणजे झाड समूळ उपटावें लागतें. जगांत मागणी वाढली तेव्हां अरण्यांतून मुळ्या खणून नेण्याची जी झुंबड उडाली, तिनें ही वनस्पति अनेक ठिकाणीं दुर्मिळ करून टाकली, आणि १९९० सालीं दुर्मिळ जीवजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत तिचें नांव घालावें लागलें. ज्या अरण्यवासीयांनीं तिचा गुण प्रथम ओळखला, त्यांचीं नांवें कोणत्याहि निबंधांत नाहींत. आज रक्तदाबावर तिच्याहून सोयीचीं औषधें निघालीं आहेत व डॉक्टर रेसर्पीन क्वचितच लिहून देतात. तरी दाब उतरविल्यानें आयुष्य वांचतें हें दाखविणाऱ्या पहिल्या औषधांत तिची गणना होते, हा मान कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं.

तो मान तिला मिळाला, याचें कारण ती जुनी होती हें नव्हे. सेन व बोस यांनीं तिची मात्रा ठरविली, सिद्दीकींनीं तिचे घटक वेगळे केले, वकिलांनीं आंकडे मांडले आणि फ्राइस यांनीं तिच्या वीर्यास निर्गुण गोळीच्या शेजारीं उभें केलें. प्रत्येक पायरीवर ती खोटी ठरण्याचा धोका होता, आणि तो धोका पत्करला गेला. रक्तदाब थोडा वाढलेल्या वाचकानें इतकेंच करावें : दाब अनेक दिवस शांतपणें मोजून पाहावा, मीठ आवरावें, आणि कोणतीहि मुळी अगर पुडी घेत असल्यास ती आपल्या डॉक्टरांपासून लपवूं नये, कारण जी मुळी खरोखर दाब उतरविते ती इतर औषधांच्या जोडीनें तो नको तितकाहि उतरवूं शकते. जुन्या औषधाविषयीं आदर बाळगावा असें आम्हांसहि वाटतें. कलकत्ता, दिल्ली व मुंबई येथील या मंडळींनीं तो ज्या रीतीनें बाळगला, तीच रीत आम्हांस अनुकरणीय दिसते.